विराम जरा लांबला

"उत्तर छान. विराम जरा लांबला," असे म्हणून त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला, आणि चहा घशाखाली उतरेपर्यंत आपण काही बोललो आहोत हेही त्यांच्या ध्यानात उरले नाही. सकाळची वेळ होती. मुलगी जेवणाच्या टेबलावर जुन्या चादरीची घडी टाकून, तिच्यावर आपला पांढरा शर्ट पसरून इस्त्री करीत होती. दुपारी तिची मुलाखत होती. त्यांनी विचारले होते ते एवढेच की, तुला तिथे खरोखर जायचे आहे ना. प्रश्न बापाचा होता. निदान तोंडातून निघाला तेव्हा तरी तो बापाचाच होता. तिने मान किंचित खाली घातली, टेबलाच्या कडेवर नजर टेकवली, थांबली, आणि मग शेवटचे अक्षरही हरवणार नाही अशा स्वच्छ आवाजात म्हणाली, "हो. मी जे शिकले त्याचा खरा उपयोग होईल अशी ही जागा आहे, आणि अजून पुष्कळ शिकायचं राहिलंय, ते तिथे शिकता येईल." वाक्य निर्दोष होते. निर्दोष असणारच, काही दिवसांपूर्वी त्यांनीच ते घासूनपुसून तिच्या हाती ठेवले होते. त्यातला 'पुष्कळ' हा शब्दही त्यांचाच, कारण 'खूप' हा शब्द पोरांनी वापरून वापरून पार गुळगुळीत केला आहे असे त्यांचे मत होते. म्हणून ते छान म्हणाले, आणि विराम लांबला हेही म्हणाले. मुलीने नुसते "बरं" म्हटले आणि शर्टाची बाही उलटी केली. स्वयंपाकघरातून तिच्या आईचा आवाज आला, "तुम्हा बापलेकीचं बोलणं ऐकलं ना, की वाटतं मी नुसती चहा द्यायला आत आलेय. आता कप उचलून 'येऊ का साहेब' म्हणत बाहेर पडावं." तिघेही हसले. ते हसले सर्वांत शेवटी, आणि हसता हसता त्यांना कसलासा करपल्याचा वास आला. दूध लागले असेल असे समजून त्यांनी पिशवी उचलली आणि चपलांच्या जागी बूट चढवले.

घरापासून तंत्रनिकेतनापर्यंतची वाट त्यांच्या पायांना पाठ होती. त्यामुळे डोके मोकळे राही, आणि मोकळ्या डोक्याने वाद घालायचा हा त्यांचा जुना छंद होता. समोर कोणी नसले म्हणून त्यांचे अडत नसे. प्रतिपक्षाची बाजूही ते स्वतःच मांडत, आणि ती दुबळी मांडली गेली तर स्वतःवरच चिडत. एके काळी ते तिथे भाषा शिकवीत. यंत्रे शिकायला आलेल्या मुलांना वाक्य म्हणजे काय, परिच्छेद कुठे मोडावा, विशेषण कधी गाळावे, हे ते पोटतिडिकीने सांगत. पुढे अभ्यासक्रमातून भाषेचा विषयच गळाला. माणूस तर गाळता येत नव्हता, तेव्हा त्यांना व्हरांड्याच्या टोकाची एक खोली देण्यात आली आणि दारावर 'मार्गदर्शन व नियुक्ती कक्ष' अशी पाटी लागली. शिक्षण संपलेल्या पोरांना नोकरीच्या दारापर्यंत पोचवायचे, हे काम. दुसरा एखादा खचला असता. त्यांनी मात्र त्या खोलीत आपले गद्य पुन्हा उभे केले. मुलाखत हाही एक गद्यप्रकारच आहे, असे ते म्हणत. पोर हुशार असते, पण विचारले रे विचारले की बोलत सुटते, आणि बोलत सुटलेल्या माणसाचे खरेही खोटे वाटू लागते. म्हणून आधी हातातली वस्तू खाली ठेवा. नजर टेबलाच्या कडेवर आणा. थांबा. मग बोला. या थांबण्याला ते विराम म्हणत, आणि मुले त्यांना थांबासर म्हणत. हे नाव त्यांच्या कानावर आले होते व मनातून त्यांना आवडलेही होते. खोलीत एक टेबल, त्यांची खुर्ची, समोर उमेदवाराच्या दोन खुर्च्या. कारण कधी कधी दोघांना एकदम बोलवावे लागे. उमेदवाराच्या पाठीमागच्या भिंतीवर घड्याळ होते. ते तिथे त्यांनी मुद्दाम लावून घेतले होते. बोलणाऱ्याला वेळ दिसू नये, ऐकणाऱ्याला दिसावी.

आज वाटेत मुलाखतीचाच वाद चालू होता, आणि प्रतिपक्ष नेहमीप्रमाणे तंत्रनिकेतनातल्या गणिताच्या बाईंचा होता. पोरे झकास बोलतात हो तुमची, बाई म्हणत, पण बोलतंय कोण ते कळत नाही. त्यावर त्यांचे उत्तर तयार असे: उंबरठा बांधणे म्हणजे घर खोटे करणे नव्हे. वादात या उंबरठ्यापर्यंत ते आले होते, आणि तेवढ्यात धोब्याच्या दुकानाचे दार कोणीतरी आतून उघडले. गरम कापडाचा, ओल्या वाफेचा आणि किंचित भाजल्याचा वास रस्त्यावर आला, त्यांच्या तोंडावरून गेला, आणि ते जागच्या जागी उभे राहिले. सकाळी दूध लागले नव्हते. दूध लागल्याचा वास वेगळा असतो, त्यात गोडूसपणा असतो. सकाळचा वास हा होता. मुलीने विराम घेतला तेव्हा तिच्या हातात इस्त्री होती. हातातली वस्तू आधी खाली ठेवा, हा पहिला धडा. हा धडा न चुकणारे एकच पोर त्यांनी जन्मात पाहिले होते आणि ते त्यांच्या घरात वाढले होते. विराम घ्यायचा असता तर तिने इस्त्री उभी केली असती. ती तिने उभी केली नाही. ती शर्टावर तशीच राहिली, कापड भाजू लागले तरी तिला कळले नाही. म्हणजे तो विराम नव्हताच. प्रश्न तिला लागला होता. ती खरोखर थांबली होती, अडली होती, आत कुठेतरी काहीतरी शोधत होती. आणि सापडत नाही असे पाहून, शेवटी हाताशी असलेले वाक्य तिने उचलून दिले. आणि आपण काय म्हणालो? रस्त्यावरची माणसे त्यांना वळसा घालून जात होती. एकाने "काका, बरं वाटत नाही का?" असे विचारलेही. त्यांनी मान हलवली. उत्तराआधी त्यांनी टेबलाची कड शोधली, पण रस्त्यात टेबल कुठले असणार.

ती लहान होती तेव्हा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देई. तू कुठे गेली... म्हणेपर्यंत 'खाली' असे येऊन आदळे. संध्याकाळी ते घरी आले की दोघे मुलाखत-मुलाखत खेळत. ती त्यांच्या खुर्चीत बसे, पाय जमिनीला टेकत नसत, आणि ते नसलेला चष्मा सावरून विचारीत, "बोला बाई, अनुभव काय तुमचा?" ती म्हणे, "मला दात पडण्याचा अनुभव आहे." "किती दात?" "वरचे. खालचा हलतोय, तो तुमच्याकडे लागल्यावर पडेल." बायको हसून हसून खाली बसे. मग एक दिवस, कुठला ते आता आठवत नव्हते, खेळाखेळातच त्यांनी तिला सांगितले: थांब. मग बोल. ते वय असे असते की सांगितलेले अंगात मुरते. ती थांबू लागली. शाळेतल्या बाई म्हणाल्या, काय समजूतदार पोर आहे हो. पुढे एकदा ती सायकलवरून पडली. दवाखान्यात डॉक्टरने विचारले, कुठे दुखतंय बाळ? तिने नजर टेबलाच्या कडेवर आणली, थांबली, आणि म्हणाली, "उजव्या हाताला कोपराखाली दुखतं आहे, पण सहन होण्यासारखं आहे." डॉक्टर चकित झाला. एवढ्या शांतपणे सांगणाऱ्या पोराला फार लागलेले नसणार, असे म्हणून त्याने मलमाची नळी लिहून दिली. दोन रात्री ती त्या हातावर न वळता झोपली. तिसऱ्या दिवशी हात सुजून टम्म झाला तेव्हा कळले की हाड मोडले आहे. ही हकीकत ते गेली कित्येक वर्षे लोकांना कौतुकाने सांगत आले होते. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी मुलांना सांगत. मुले हसत, आणि मग शांत होऊन वहीत काहीतरी टिपून घेत. तिच्या देखतसुद्धा त्यांनी ती सांगितली होती. ती ऐकताना मुलगी काय करीत असे? त्यांनी आठवून पाहिले. ती उजव्या हाताची बाही खाली ओढीत असे. एवढेच आठवले, आणि तेही आज पहिल्यांदा.

व्हरांड्यात बाके मांडली होती. दवाखान्यांतली यंत्रे बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीची माणसे सकाळपासून आतल्या सभागृहात बसून मुलाखती घेत होती. कंपनी दूरच्या शहरातली. गेलेल्या पोराला निदान दोन-तीन वर्षे तिथून हलता येत नाही. जागा एकच होती, तीही अशी की मुले तिच्यासाठी जीव टाकीत. बाकावर उमेदवार गुडघे जुळवून, पाठ ताठ करून बसले होते. सर्वांच्या नजरा समोरच्या एकाच उंचीवर होत्या, आणि लांबून पाहिले तर एकच मुलगा आरशांच्या रांगेत बसला आहे असे वाटे. लंबू म्हणून ज्याला सगळे ओळखत तो उंच मुलगाही त्यात होता, पाय कुठे ठेवावेत ते न कळून अवघडलेला. मुलगी जरा उशिरा, मैत्रिणीबरोबर आली. तिने शर्टाच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या होत्या. मुलाखतीला बाह्या मनगटापर्यंत, बटण लावलेले. हा नियम कोणी मोडीत नसे. बाकावरच्या दोघातिघांनी तिच्या हातांकडे पाहिले आणि मग सरांकडे. सर जवळ गेले. त्यांना म्हणायचे होते की, सकाळी मी जे म्हणालो ते म्हणायला नको होते. तू थांबली होतीस ते मला कळायला हवे होते. आपण घरी जाऊ. पण सगळे ऐकत होते, आणि सर्वांदेखत तिच्याशी बाप म्हणून बोलायचे नाही असे ती तंत्रनिकेतनात शिकायला आली त्या पहिल्या वर्षापासून दोघांचे ठरलेले होते. ते म्हणाले, "बाह्या?" ती म्हणाली, "उकडतंय, सर." उकडण्यासारखे काही नव्हते. व्हरांड्यातून गार वारा येत होता, आणि लंबूने तर गळ्यापर्यंत बटणे लावली होती.

सर मुलाखतीला आत बसत नसत. दाराबाहेर त्यांची एक खुर्ची होती, तीवर ते डोळे मिटून बसत. दाराची काच दुधी होती. आतले काही दिसत नसे आणि शब्दही कळत नसत. प्रश्न म्हणजे एक जाड गुणगुण, उत्तर म्हणजे एक पातळ गुणगुण, आणि मधे शांतता. सर ऐकत ते त्या शांततेला. इतक्या वर्षांत त्यांचा कान असा तयार झाला होता की, नुसत्या शांततेवरून आत कोण आहे आणि त्याचे कसे चालले आहे हे ते सांगत, आणि ते खरे निघे. घाबरलेल्याची शांतता सुरुवातीलाच फाटते. पाठ करून आलेल्याची दर वेळी सारखी असते, कात्रीने कापल्यासारखी. लंबू आत गेला. त्याच्या शांतता त्याच्यासारख्याच होत्या, जरा जास्त लांब, पण प्रामाणिक. मग मुलीला बोलावले. ती उठली, दारापाशी क्षणभर थबकली, मागे न बघता आत गेली. सरांनी डोळे मिटले. पहिला प्रश्न, शांतता, उत्तर. दुसरा. ती सुरेख बोलत असणार. तिच्या गुणगुणीला वाक्याचा घाट होता, कुठे चढायचे आणि कुठे उतरायचे हे तिला ठाऊक होते. आणि मग एक प्रश्न आला, छोटाच, आणि त्यानंतर काहीच आले नाही. शांतता सुरू झाली आणि वाढत गेली. सरांनी कान दिला. ही कसली आहे? हा विराम आहे की ती अडली आहे? ती टेबलाच्या कडेकडे बघते आहे, की खिडकीबाहेर बघते आहे? आपल्या हातांत वाढलेले पोर; सर्दी झाली तर पहिल्या शिंकेच्या आधी कळायचे, रागावली तर जिन्यावरच्या पावलांत कळायचे; आणि आता दुधी काचेपलीकडे ती गप्प आहे तर आपल्याला काहीच कळत नाही. आपणच तिला असे काही शिकवले आहे की तिची खरी शांतता आणि शिकवलेली शांतता एकाच मापाची झाली आहे. शिंप्याने इतके बेमालूम रफू करावे आणि मग फाटले कुठे होते ते त्यालाच सापडू नये, तसे. आत पातळ गुणगुण पुन्हा सुरू झाली, नेहमीसारखी नीट.

निवड तिचीच झाली. निवड अधिकारी, एक तरतरीत, घाईतला तरुण माणूस, बाहेर येऊन सरांचा हात हलवीत म्हणाला की, बाकीची मुले चांगली होती पण एका साच्यातली वाटली. ही मुलगी बाह्या वर करून आली आणि एका प्रश्नाला चांगला वेळ विचार करून बोलली, ते आवडले. कोणता प्रश्न, असे सरांनी विचारले. अधिकाऱ्याने आठवून सांगितले की, इथे नसता आलात तर काय केले असते, असे काहीतरी विचारले होते. आणि उत्तर? उत्तर उत्तम होते, तो म्हणाला. नेमके शब्द आता ध्यानात नाहीत. मग त्याने घड्याळ पाहिले. होकार लगेच कळला तर बरे, गाडी येतेच आहे. तिचे नाही म्हणणे असेल तर तो उंच मुलगा आहेच. होकार घेण्याची पद्धत या कक्षात ठरलेली होती आणि ती सरांनीच घातली होती. पूर्वी निकाल लागला की आईबाप, काका, मामा असा सगळा गोतावळा पोराभोवती जमे आणि पोराने तोंड उघडण्याआधीच कोणीतरी म्हणे, जाईल हो, न जायला काय झालं? एकदा एका मुलीचा मामा तिच्या वतीने हो म्हणाला आणि मुलगी शेजारी उभी राहून भिंतीवरची पाल बघत होती. ते दृश्य सरांना सहन झाले नव्हते. तेव्हापासून नियम झाला: होकार उमेदवाराने एकट्याने द्यायचा, सरांच्या खोलीत, दार लावून, घरचे माणूस आत नको. सरांना या नियमाचा अभिमान होता. आज तो पाळायचा तर अडचण एवढीच होती की घरचे माणूस तेच होते.

ते गणिताच्या बाईंकडे गेले. बाई एकट्याच शिक्षकांच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत होत्या. सरांनी त्यांना सांगितले की, आज माझ्या जागी तुम्ही बसा, हिचा होकार तुम्ही घ्या. का ते मी मागून सांगेन. बाईंनी चष्मा काढला. एरवी त्यांनी टोमणा मारला असता. आज त्यांनी सरांचे तोंड पाहिले आणि आवाज खाली आणला. "घेते की. पण ती मला तेच उत्तर देईल, जे तुम्ही तिला दिलंय. म्हणजे मी तिला विचारल्यासारखं होणार नाही, तुम्हालाच विचारल्यासारखं होईल." सरांनी वाद घातला. ते म्हणाले की, मी समोर नसलो तर ती मोकळेपणी बोलेल. बाई म्हणाल्या की, तुम्ही समोर नसता असं तिच्या बाबतीत कधी झालंय का? हे निष्ठुर होते, आणि बाईंनाही ते कळले असावे, कारण त्यांनी लगेच एक उत्तरपत्रिका पुढे ओढली आणि न वाचताच तिच्यावर लाल खूण केली. सर दारापर्यंत जाऊन वळले. म्हणाले, आजवर इतकी मुले त्या खुर्चीवर बसून हो म्हणाली. बाईंना न घेताच व्हरांड्यातून परत जाताना त्यांना ते सगळे हो ऐकू येत होते, एकामागून एक, सारख्या आवाजात, सारख्या थांबण्यानंतर. त्यांतले किती त्या त्या पोरांचे होते आणि किती त्यांचे स्वतःचे, हे आता कोणाला विचारायचे? बाकावर लंबू एकटाच उरला होता. सर जाताना तो उठून उभा राहिला, आणि ते पुढे गेल्यावर पुन्हा बसला.

खोलीत मुलगी आधीच येऊन बसली होती, दोन खुर्च्यांपैकी डावीकडच्या, पाय जमिनीला नीट टेकलेले, हात मांडीवर. सरांनी दार लावले, टेबलाला वळसा घालून आपल्या खुर्चीवर बसले. समोर तिचा चेहरा, त्याच्या वर घड्याळ. इथे त्यांनी म्हणायचे वाक्य ठरलेले होते: आपली निवड झाली आहे, आपली इच्छा काय ती सांगा. ते वाक्य त्यांच्या तोंडाशी आले आणि त्यांना ते परके वाटले, कोणीतरी चांगले लिहून ठेवलेले. त्यांनी ते गिळले. आणि मग, इतकी वर्षे बोलणे शिकवणाऱ्या माणसाला, विचारायला दुसरे काही सुचेना. शेवटी ते म्हणाले, "सकाळी शर्ट जळला ना?"

मुलीने चटकन वर पाहिले. तिची नजर टेबलाच्या कडेवर गेली नाही. कोणीतरी अंधारात दिवा लावल्यावर माणूस पाहतो तशी ती त्यांच्याकडे पाहत राहिली, आणि मग तिने तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले. घड्याळाचा काटा त्यांच्या डोळ्यांसमोर सरकत होता. वर्षानुवर्षे या काट्यावर त्यांनी पोरांच्या शांतता मोजल्या होत्या आणि अमुक इतकी बरी, अमुक इतकी जास्त, असे सांगितले होते. आता ही जास्त होती, कधीच होऊन गेली होती, आणि अजून चालू होती. ती मुलाखतीत चालली नसती. ती कुठेच चालली नसती. त्यांच्या जिभेवर 'बोल, बोल' आले, ते त्यांनी दातांमागे धरून ठेवले. बाहेर गाडीचा आवाज झाला. तिचा डावा हात मांडीवरून निघून उजव्या हाताच्या कोपराखाली गेला आणि तिथे थांबला.

"माहीत नाही, बाबा," ती म्हणाली. या खोलीत हे दोन शब्द चालत नसत. पोरांना ते सर्वांत आधी विसरायला लावले जाई. या खोलीत तिने त्यांना बाबा म्हटले होते, तेही पहिल्यांदाच. "म्हणजे वाईट नाहीये काही. चांगलंच आहे. पण मला जायचंय, का मी जावं असं तुम्हाला वाटतं म्हणून मला जायचंय, हे मला वेगळं करताच येत नाहीये. सकाळपासून करून बघतेय. आतसुद्धा त्यांनी विचारलं तेव्हा करून बघितलं. जमत नाही. मग दिलं उत्तर." ती थांबली, आणि या वेळी थांबणे तिला आवरता आले नाही. "उत्तर येतं हो मला. उत्तर काय, कुठलंही येतं."

सरांना काही म्हणायचे होते. वास्तविक म्हणण्यासारखे पुष्कळ होते: की प्रत्येकाचेच असे असते, की कोणाची इच्छा कुठे संपते आणि कोणाची सुरू होते हे थोरामोठ्यांनाही सांगता येत नाही, की जाऊन पाहा, नाही पटले तर परत ये. सगळी वाक्ये बांधून तयार होती, एकाहून एक सरळ, आणि ती सगळी त्यांना आपल्या तोंडाशी रांग लावून उभी दिसली, बाकावरच्या पोरांसारखी, गुडघे जुळवून. त्यांनी एकालाही आत घेतले नाही.

दार वाजले. निवड अधिकाऱ्याने दार किलकिले करून, सौजन्याने पण घाईने, विचारले की गाडी आली आहे, होकार समजू ना. नसेल तर तसे सांगा, बाहेर त्या मुलाला कळवून टाकतो आणि निघतो. त्याच्या खांद्यामागून व्हरांडा दिसत होता आणि व्हरांड्यात लंबूचे गुडघे. त्या पोराचा जीव तिकडे टांगणीला लागला होता. या खोलीत आजवर कोणाही पोराला जो वेळ मिळाला नाही तो आता मागायचा, तोही स्वतःच्या मुलीसाठी. याला सरांपाशी काही समर्थन नव्हते. उद्या गणिताच्या बाई विचारतील, लंबू विचारील, आणि ज्यांना आता विचारता येणार नाही ते सगळे न विचारता विचारतील. सर उठले आणि दारापर्यंत गेले.

"थांबा," ते म्हणाले.

अधिकाऱ्याला ते नीट कळले नसावे. "हो, पण किती वेळ, सर?"

सरांनी उत्तराआधी कुठेच पाहिले नाही. "माहीत नाही," ते म्हणाले, आणि हलक्या हाताने दार लावून घेतले.

ते वळले तेव्हा मुलीने उजवी बाही उलगडून खाली सोडली होती. मनगटाच्या जरा वर, कापडावर, इस्त्रीच्या टोकाएवढा तांबूस डाग होता, आणि ती अंगठ्याने त्याची कड चाचपत होती. सर टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले नाहीत. तिच्या शेजारची दुसरी खुर्ची त्यांनी ओढली आणि तीवर बसले. घड्याळ आता दोघांच्याही पाठीमागे होते.